भूऔष्णिक नकाशे करायचे तर आधी भूगर्भशास्त्र

प्रश्न : मुलगी बारावी सायन्सला आहे, गणितही आहे. जमिनीखालच्या उष्णतेचे नकाशे करायचे असं तिच्या मनात आहे. एका क्लासने सहा महिन्यांचा जीआयएसचा (संगणकावर नकाशे करण्याचा) कोर्स सुचवला आहे. तो लावावा, की बी.एस्सी.ला भूगोल घ्यावा? पुढे नोकरी मिळेल का?
– एक पालक, तासगाव

उत्तर : नमस्कार. कोर्सचे पैसे आत्ता भरू नका आणि बी.एस्सी.ला भूगोलाऐवजी भूगर्भशास्त्र घ्या. सोबत गणित किंवा भौतिकशास्त्र ठेवलं तर भूभौतिकीची (जमिनीच्या आतलं उपकरणांनी मोजण्याच्या शास्त्राची) वाटही मोकळी राहील. प्रवेशाआधी एक विचाराच : हा विषय शेवटच्या वर्षापर्यंत शिकवतात ना? भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातली भूवैज्ञानिकाची पदं यूपीएससीच्या कम्बाइंड जिओ-सायंटिस्ट परीक्षेतून भरतात. त्यासाठी भूगर्भशास्त्र किंवा त्याच्या जवळच्या विषयातली पदव्युत्तर पदवी लागते. भूगोलाची चालत नाही.

जीआयएस घरी शिकता येतं, त्याचं क्यूजीआयएस हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. सरावाला सह्याद्रीपलीकडचा संगमेश्वर तालुका घ्या. तुरळ, राजवाडी, आरवली इथे गरम पाण्याचे झरे आहेत. यूएसजीएस या अमेरिकी भूसर्वेक्षण संस्थेच्या अर्थएक्सप्लोरर संकेतस्थळावरून लँडसॅट ८ उपग्रहाचं फेब्रुवारी-मार्चमधलं, ढग नसलेलं लेव्हल-२ (आधीच प्रक्रिया केलेलं) चित्र उतरवा. तापमानाच्या बँडमधल्या (चित्राच्या थरातल्या) आकड्यांना ०.००३४१८०२ ने गुणून १४९ मिळवले की केल्विन मिळतात, २७३.१५ वजा केले की सेल्सिअस.

नकाशावर सगळ्यात तापलेले दिसतील ते बहुधा कातळसडे आणि पूर्वेकडचे उतार, कारण हा उपग्रह सकाळी जातो आणि चित्रात ऊन उतरतं. झरा मात्र दिसणारच नाही. औष्णिक सेन्सरची एक चौकट १०० मीटरची, म्हणजे १०,००० चौरस मीटरची. भोवतालची जमीन ३० अंशांवर असेल, तर ७० अंशांचं २० चौरस मीटरचं कुंड त्या चौकटीची सरासरी जेमतेम ०.०८ अंशाने वाढवतं. म्हणून ॲस्टर या दुसऱ्या उपग्रह-सेन्सरची रात्रीची, उन्हाचा प्रभाव कमी असलेली चित्रं मिळाली तर तीही पाहावीत, आणि भर भेगांवर द्यावा, कारण खोलवर तापलेलं पाणी त्यांतूनच वर येतं.

भेगांच्या रेषा भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या भूकोश पोर्टलवरच्या थरांतून (एकावर एक ठेवता येणाऱ्या नकाशांतून) घ्याव्यात आणि ३० मीटरच्या चौकटींच्या उंचीनकाशावर वेगवेगळ्या दिशांनी प्रकाश टाकून ताडून पाहाव्यात. सॉफ्टवेअर आपोआप रेषा काढतं तेव्हा महामार्ग आणि कोकण रेल्वेही भेगा म्हणून धरतं. ती हाताने पुसावी लागतात आणि कोणती रेष पुसायची हे खडक ओळखणाऱ्यालाच कळतं. अंतरं मोजण्याआधी सगळे थर यूटीएम ४३ उत्तर या मीटरमध्ये मोजणाऱ्या नकाशा-प्रक्षेपणात आणावेत, नाहीतर अंतर अंशांत येतं.

शेवटी थरांना महत्त्वाप्रमाणे वजनं देऊन ते एका नकाशात एकत्र करतात. एएचपी पद्धत (दोन-दोन थरांची तुलना करून वजनं ठरवणं) वापरली तर सुसंगती गुणोत्तर (त्या तुलना एकमेकींशी किती जुळतात याचं माप) ०.१ च्या आत हवं. नेहमी होणारी चूक म्हणजे 'झऱ्यापासूनचं अंतर' हा थर घालायचा आणि त्याच झऱ्यांवर नकाशा तपासायचा. मग तो बरोबर निघतोच! काही झरे फक्त तपासणीसाठी बाजूला ठेवावेत.

उपग्रहाला दिसतो तो फक्त पृष्ठभाग. कोयना परिसरात गोठण्याच्या ३ किलोमीटर खोल बोअरमध्ये सुमारे सव्वा किलोमीटर बेसॉल्ट (काळा कातळ) आणि त्याखाली ग्रॅनाइट-नाइस हा वेगळा खडक लागला. त्या खोलीवरचं तापमान बोअरमध्ये उपकरण उतरवूनच मोजावं लागतं. हे काम करणारी केंद्र सरकारची बोअरहोल जिओफिजिक्स प्रयोगशाळा तुमच्या जवळ, कराडलाच आहे. पुढे प्रकल्पासाठी तिथे अर्ज करायला हरकत नाही.

नोकरीचं स्पष्ट सांगतो. निव्वळ भूऔष्णिक कामाच्या जागा भारतात आज थोड्या आहेत. लडाखमधल्या पुगा इथे ओएनजीसीचा प्रकल्प आहे आणि २०२५ मध्ये केंद्राने भूऔष्णिक ऊर्जेचं राष्ट्रीय धोरणही जाहीर केलं, पण तेवढ्यावर घराचं गणित मांडू नका. हीच कौशल्यं भूजल, बोगदे, धरणं यांनाही लागतात आणि केंद्रीय भूजल मंडळाची पदंही याच यूपीएससी परीक्षेतून भरतात. एम.एस्सी.साठी पुणे आणि सोलापूर विद्यापीठं आहेत. आयआयटी मुंबईचं अप्लाइड जिऑलॉजी हवं असेल तर आयआयटी जॅम या प्रवेशपरीक्षेचा भूगर्भशास्त्राचा पेपर द्यावा लागेल. त्याचा अभ्यास बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षापासून सुरू करू द्या.