पायथनच्या पिलो लायब्ररीने प्रमाणपत्रावर मराठी नावं टाकताना अक्षरं का फुटतात?

पिलोला राक्म (Raqm, मजकुराची मांडणी करणारी वेगळी लायब्ररी) सापडत नाही म्हणून. तुम्ही फोंडा तालुक्यातल्या भजन स्पर्धेची प्रमाणपत्रं यादीवरून आपोआप बनवताय आणि ‘शिरोडा’ची वेलांटी श सोडून र वर जाते, ‘म्हार्दोळ’मधला रफार द च्या डोक्यावर चढतच नाही, तर फॉन्ट बदलत बसू नका. पिलोचा बेसिक लेआउट अक्षरं आली तशी एकापुढे एक मांडतो. जोडाक्षरं आणि मात्रा जागेवर बसवायचं काम हार्फबझ करतं, आणि ते राक्ममार्फत चालतं. पिलोच्या फीचर्स मॉड्यूलमधल्या चेक फंक्शनला राक्म हे नाव देऊन बघा, म्हणजे features.check('raqm'). फॉल्स आलं तर दोष तिथेच आहे. पिलो 8.2.0 पासून पिपने येणाऱ्या तयार पॅकेजमध्ये राक्म असतं, पण राक्मला चालायला लागणारं फ्रीबिडी (FriBiDi, आणखी एक लायब्ररी) तुमच्या मशीनवर वेगळं टाकावं लागतं. लिनक्सवर ते पॅकेज मॅनेजरने मिळतं. विंडोजवर त्याची डीएलएल फाइल स्वतः पाथमध्ये ठेवावी लागते, आणि बहुतेकांचं घोडं तिथेच अडतं. हे झालं की मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरी घ्या, दोन्ही मोफत आणि मुक्त परवान्याचे. मात्र फॉन्ट युनिकोडच हवा. डीटीपीवाल्यांकडचे जुने श्रीलिपीसारखे फॉन्ट इथे चालणार नाहीत.