विकत घेतलेला सिनेमा ॲपवरून गायब झाला, आता पायरेटेड कॉपी उतरवली तर चूक का? आणि खासदारांना सांगून काही होतं का?

कायद्यानं चूकच. पण तुमचा संताप समजतो. माझाही एक मराठी सिनेमा असाच गेला. 'विकत घ्या' बटण दाबलं होतं, अटींमध्ये मात्र फक्त बघायचा परवाना. विश्रामबागेतल्या दुकानातून घेतलेल्या सीडी अजून कपाटात आहेत (प्लेअर बिघडलाय, ते सोडा).

2023 च्या सिनेमॅटोग्राफ कायद्यातल्या (सिनेमा दाखवण्याबद्दलचा कायदा) दुरुस्तीनं थिएटरात चोरून रेकॉर्डिंग करणाऱ्याला 3 महिने ते 3 वर्षं कैद ठेवली, दंड किमान 3 लाख, कमाल निर्मिती खर्चाच्या 5 टक्के. निर्मात्यांचं दुखणं खरं आहे, मान्य. पण पैसे भरलेल्या प्रेक्षकाचं काय, हे त्या दुरुस्तीत नाही.

आता खासदार. मणिपूरच्या हिंसाचारावरून चाललेल्या गदारोळात त्या दुरुस्तीचं विधेयक लोकसभेत आवाजी मतदानानं पास झालं. आवाजी मतदानात कुणाची नावानिशी नोंद राहत नाही, त्यामुळे सांगलीच्या काय नि साताऱ्याच्या काय, खासदाराला जाब विचारायला कागदच नाही.

तरी पत्र टाका. त्याआधी ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार नोंदवा, पावतीचा ईमेल जपून ठेवा.