मनी, मिंट आणि मोनेता

प्रश्न असा आहे: ‘मनी’ हा इंग्रजी शब्द रोमन देवी जूनोच्या ‘मोनेता’ या नावावरून आला, आणि हंसांनी रोमला सावध केलं म्हणून तिला ते नाव पडलं, हे खरं का? शिवाय टांकसाळीच्या ‘मिंट’चा पुदिन्याशी काही संबंध आहे का?

पहिलं खरं आहे. रोममधल्या कॅपिटोलाइन टेकडीवर जूनो मोनेताचं देऊळ होतं आणि टांकसाळ त्याला लागूनच. त्यामुळे टांकसाळीलाच मोनेता म्हणू लागले, पुढे तिथल्या नाण्यालाही. पैठणची ती पैठणी, तसंच हे. लॅटिन मोनेता जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आला तो ‘मनी’. त्याच्या कितीतरी आधी हाच शब्द जर्मानिक भाषांनी, म्हणजे इंग्रजी-जर्मनच्या कुळाने, उचलला होता. जुन्या इंग्रजीत ‘मुनेत’ म्हणजे नाणं, त्याचाच ‘मिंट’ झाला. एकच शब्द दोन दारांनी एका घरात आला, आणि घरातल्यांना आता ते नातं आठवतही नाही.

हंसांचं मात्र जुळत नाही. रोमवर चालून आलेले गॉल सैनिक रात्री टेकडी चढत होते, कुत्री गप्प राहिली, पण जूनोच्या हंसांनी कलकलाट केला, ही गोष्ट रोमन परंपरा इ.स.पू. 390 ची सांगते. मोनेताचं देऊळ इ.स.पू. 344 मधलं. शिवाय रोमन वक्ता आणि लेखक सिसेरो ‘मोनेता’ या नावाचं कारण वेगळंच देतो: भूकंप झाला तेव्हा जूनोच्या देवळातून आवाज आला, की गाभण डुकरिणीचा बळी द्या. लॅटिन ‘मोनेरे’ म्हणजे सावध करणे, म्हणून मोनेता. ही व्युत्पत्ती सगळ्याच अभ्यासकांना मान्य नाही. पण ती धरली तर आपल्या शाळेतला वर्गाचा मॉनिटर या देवीचा सख्खा नातलग ठरतो, कारण तोही ‘मोनेरे’तूनच आलेला. फळ्यावर बोलणाऱ्यांची नावं लिहिणाऱ्या पोराला किती जुनं काम दिलेलं असतं!

पुदिन्याचा ‘मिंट’ वेगळा. तो ग्रीक ‘मिंथे’वरून लॅटिनमार्गे आला. मिंथे ही अप्सरा. पाताळाचा राजा हेडीस तिच्यावर भाळला, म्हणून त्याच्या राणीने, पर्सेफनीने तिला पायांखाली तुडवलं आणि तिचं झुडूप झालं. पान चुरगळलं की वास दरवळतो, तो म्हणून. इथे मात्र झाडाचं नाव आधीचं आणि गोष्ट त्यावरून रचलेली असावी, असं मला वाटतं.

आता आपल्याकडे या. आपलं ‘नाणं’ संस्कृत ‘नाणक’वरून आलं, आणि कुषाण राजांच्या नाण्यांवर ‘नना’ नावाची देवी आहे. नाणक तिच्यावरूनच आलं असं काही अभ्यासक मानतात. हे खरं असेल, तर रोममध्ये जे झालं तेच इथेही झालं. ‘दाम’बद्दल तर शंकाच नको: ग्रीक नाणं द्राख्मे, त्याचा द्रम्म, द्रम्माचा दाम. कोकणातल्या शिलाहार राजांच्या कोरीव लेखांत द्रम्म सापडतात. भास्कराचार्यांच्या 1150 च्या ‘लीलावती’त तर कोष्टकच आहे: वीस कवड्यांची काकिणी, चार काकिणींचा ‘पण’, सोळा पणांचा द्रम्म. ‘दाम करी काम’ म्हणताना आपण ग्रीक नाणंच वाजवत असतो.