नाकावरचं नाव, शेपटीजवळचा नंबर : युद्धकाळातल्या बाँबर विमानांविषयी वाचकांचे प्रश्न

जुन्या बाँबर विमानांचा माग कसा काढायचा, हे विचारणारी पत्रं अलीकडे वाढली आहेत. त्यांतली पाच इथे घेतली आहेत. चार प्रश्नांच्या मुळाशी एकच घोटाळा आहे. विमानावर रंगवलेलं जे ठळक दिसतं त्यालाच आपण विमानाची ओळख समजतो, आणि खरी ओळख बारीक अक्षरांत मागे कुठेतरी असते.

प्रश्न : माझ्या पणजोबांच्या वहिनीच्या माहेरकडचे एक गृहस्थ ब्रिटिश बॉम्बर कमांडमध्ये होते असं घरात सांगतात. त्यांच्या लॉगबुकाच्या दोन पानांच्या झेरॉक्स मिळाल्या. त्यांत विमानाच्या रकान्यात फक्त ‘लँकेस्टर, एस’ लिहिलंय. हे विमान कोणतं, ते पुढे कुठे गेलं, कसं शोधायचं? (लेस्टर)

लँकेस्टर म्हणजे ब्रिटिशांचं चार इंजिनांचं बाँबर विमान. आता त्या ‘एस’विषयी. ब्रिटिश बाँबरच्या धडावर तीन मोठी अक्षरं असत. पहिली दोन स्क्वाड्रनची, तिसरं त्या विमानाचं. ही अक्षरं म्हणजे वर्गातला हजेरी क्रमांक समजा. मुलगा शाळा सोडून गेला की तोच क्रमांक पुढच्या वर्षी दुसऱ्याला मिळतो. ‘एस’ विमान परत आलं नाही, तर आठवड्याभरात नवं विमान येई आणि त्याच्यावर पुन्हा ‘एस’ रंगवला जाई. एका स्क्वाड्रनच्या इतिहासात अशी कितीतरी ‘एस’ असू शकतात. आयुष्यभर न बदलणारी ओळख म्हणजे सिरियल नंबर. आपल्या गाडीचा चेसिस नंबर असतो तसाच. ब्रिटिश विमानांवर तो शेपटीच्या जरा पुढे, लहान अक्षरांत असे.

लॉगबुक लिहिणाऱ्याला नंबराशी कर्तव्य नसायचं. दमून परतलेला माणूस ‘एस’ एवढंच लिहून मोकळा होई. म्हणून तारखेपासून सुरुवात करा. लंडनजवळ क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात स्क्वाड्रनांच्या दैनंदिन नोंदवह्या ‘एआयआर 27’ या मालिकेत आहेत. त्यांतल्या बऱ्याचशा डिजिटल स्वरूपात घरबसल्या मिळतात. दर महिन्याच्या नोंदीचे दोन भाग असतात. फॉर्म 540 म्हणजे तळावरच्या घडामोडींचा सारांश. तुम्हाला हवा तो फॉर्म 541. त्यात प्रत्येक उड्डाणाचा विमान क्रमांक, कर्मचाऱ्यांची नावं, निघाल्याची आणि उतरल्याची वेळ असते. तुमच्या गृहस्थांचं किंवा त्यांच्या वैमानिकाचं नाव त्या रात्री शोधा, शेजारी नंबर सापडेल. लॉगबुकात मात्र लाल शाईतल्या नोंदी रात्रीच्या मोहिमांच्या, हिरव्या दिवसाच्या. त्या पानांचे रंगीत स्कॅन मागवा. झेरॉक्समध्ये हा फरक मरतो.

नंबर हाती लागला तरी लगेच विश्वास ठेवू नका. कारकुनाच्या हातून आकडे उलटसुलट होत. एका शोधात मी असाच एक नंबर घेऊन बरेच महिने चाललो, आणि ते विमान त्या तारखेच्या आधीच पडलेलं निघालं. तेव्हापासून दोन वेगळ्या कागदांवर तोच नंबर दिसेपर्यंत मी तो वहीत पेन्सिलीनेच लिहितो. दुसरा कागद म्हणजे फॉर्म 78, विमानाचं हालचाल-कार्ड. विमान कोणत्या तारखेला कोणत्या युनिटकडे गेलं, कधी किती नुकसान झालं, कधी दफ्तरातून कमी केलं, हे त्यावर एकेका ओळीत असतं. तारखा मात्र कागद पुढे सरकल्याच्या. विमान त्याच्या आधीच उडत असू शकतं.

आपल्याकडची माणसं त्या आकाशात होती हे खरंच आहे. शैलेंद्र एकनाथ सुखटणकर हे बॉम्बर कमांडमध्ये नॅव्हिगेटर होते आणि त्यांना डी.एफ.सी. (डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस) हे शौर्यपदक मिळालं. तेव्हा घरातली गोष्ट दंतकथा म्हणून सोडून देऊ नका.

प्रश्न : मी 1/72 प्रमाणात लँकेस्टरचं मॉडेल करतोय, लंडनच्या संग्रहालयातलं प्रसिद्ध ‘एस फॉर शुगर’. नाकावर नेमके किती बाँब रंगवू? (कोल्हापूर)

त्याआधी ठरवा, कोणत्या दिवशीचं विमान करताय. हे विमान म्हणजे आर5868. मँचेस्टरच्या मेट्रोपॉलिटन-व्हिकर्स कंपनीने बांधलेलं. 1942 च्या उन्हाळ्यात ते स्कॅम्पटन तळावरच्या 83 स्क्वाड्रनमध्ये आलं तेव्हा ते ‘शुगर’ नव्हतंच; त्याच्यावर ओएल-क्यू अक्षरं होती. सप्टेंबर 1943 मध्ये ते ऑस्ट्रेलियन 467 स्क्वाड्रनकडे गेलं आणि पीओ-एस झालं. शत्रूचं एकही विमान जर्मनीवर उडणार नाही, या जर्मन हवाई दलप्रमुख गोरिंगच्या बढाईची ओळ नाकावर आहे. तिच्यासोबतच्या बाँबच्या रांगा आज 137 मोहिमांचा आकडा सांगतात. तेवढे सगळे रंगवलेत तर विमान युद्धाच्या अखेरचं हवं. 1944 च्या मे महिन्यात शंभरी साजरी झाली तेव्हाचं करायचं असेल तर बाँबही तेवढेच.

रंगवलेले बाँब आणि कागदावरच्या मोहिमा यांचा ताळेबंद नेहमी जुळतोच असं नाही. अर्ध्यातून परतलेलं उड्डाण मोजायचं की नाही, हे ज्याच्या हाती ब्रश तो ठरवी. काही लँकेस्टरवर इटलीवरच्या मोहिमांसाठी बाँबऐवजी आइस्क्रीमचे कोन रंगवलेले असत. जुन्या फोटोत ते दिसले तर डाग समजून पुसू नका.

आणखी एक सावधगिरी. उडतं लँकेस्टर बघून रंग उतरवू नका. ब्रिटिश हवाई दलाच्या स्मृती-पथकातलं पीए474 हे 1945 चं विमान, युरोपच्या युद्धात ते कधी लढलंच नाही. वेगवेगळ्या वर्षी त्याला वेगवेगळ्या नामवंत विमानांचा पेहराव दिला जातो. कधी 1943 मध्ये जर्मन धरणांवरच्या हल्ल्याचं नेतृत्व करणाऱ्या गिब्सनच्या विमानाची एजे-जी अक्षरं, कधी ‘फँटम ऑफ द रूर’. ही श्रद्धांजली आहे आणि ती मला मनापासून आवडते. पण त्याचा फोटो पुरावा म्हणून चालत नाही. गिब्सनचं खरं विमान ईडी932.

प्रश्न : एका फोटोत ब्रिटिश विमानावरच्या गोल चिन्हाची बाहेरची कड काळी दिसते. पुस्तकांत ती पिवळी आहे. कोण चूक? (ठाणे)

कोणीच नाही. त्या काळची ऑर्थोक्रोमॅटिक फिल्म पिवळा आणि लाल रंग गडद दाखवी, निळा फिकट. सगळे रंग टिपणाऱ्या पॅनक्रोमॅटिक फिल्मवर तेच चिन्ह वेगळं दिसतं. म्हणून कृष्णधवल फोटोत रंग न ओळखता कड्यांची रुंदी मोजा. 1942 च्या मे महिन्यानंतर ब्रिटिश चिन्हातली पांढरी आणि पिवळी कडी अरुंद झाली. रुंद कडी असतील तर फोटो बहुधा त्याआधीचा.

प्रश्न : आमचे आजोबा 1950 च्या दशकात लोहगावला हवाई दलात फिटर होते. चार इंजिनांच्या, दोन शेपट्यांच्या मोठ्या विमानासमोर त्यांचा फोटो आहे. मागे ‘एचई8’ एवढंच वाचता येतं, पुढचं आजोबांच्या खांद्याआड गेलंय. घरात कोणी लँकेस्टर म्हणतं, कोणी अमेरिकन विमान. (पुणे)

अमेरिकन म्हणणारे बरोबर आहेत. ते बी-24 लिबरेटर. लँकेस्टरलाही दोन शेपट्या होत्या, पण लिबरेटरचा पंख धडाच्या वरच्या बाजूला आहे आणि ते नाकाखालच्या चाकासह तीन चाकांवर सरळ उभं राहतं. लँकेस्टर मागे शेपटीवर टेकून बसतं. फोटोत एवढं नक्की दिसेल.

तुमच्या फोटोमागची हकिकत मला फार मोलाची वाटते. युद्धात ब्रिटिशांना लिबरेटर मिळाली ती अमेरिकेच्या लेंड-लीज योजनेतून. युद्ध संपल्यावर ती परत करायची किंवा निकामी करायची असा करार. आशियातल्या आघाडीवरची अशी बरीच विमानं कानपूरच्या चकेरी तळावर आणून निकामी करून टाकली होती. स्वातंत्र्यानंतर भारताला बाँबर हवे होते आणि कोणी द्यायला तयार नव्हतं. मग हिंदुस्तान एअरक्राफ्टच्या माणसांनी तो भंगार ढीग उपसला. एकाचा भाग दुसऱ्याला लावत विमानं उडण्याजोगी केली, आणि कंपनीचे चाचणी-वैमानिक जमशेद मुन्शी यांनी ती कानपूरहून बंगळुरूला उडवत नेली. तिथे पूर्ण डागडुजी झाली. अशी चाळीसहून अधिक विमानं उभी राहिली. 1948 च्या नोव्हेंबरात त्यांच्यावर 5 स्क्वाड्रन सुरू झालं. 1951 च्या जानेवारीत पुण्यात 6 स्क्वाड्रन समुद्री टेहळणीसाठी नव्याने उभं राहिलं, तेही लिबरेटर घेऊन. आजोबा बहुधा त्यातले. ही विमानं 1968 पर्यंत सेवेत होती.

आता नंबर. या विमानांना तीन-तीन नंबर असतात. अमेरिकन कारखान्यातून निघताना एक, ब्रिटिशांकडे गेल्यावर दुसरा, आपल्याकडे आल्यावर एचई मालिकेतला तिसरा. उदाहरण देतो. एचई807 हे पुण्याच्या 6 स्क्वाड्रनचं विमान. ब्रिटिशांकडे ते केएन751 होतं आणि 1945 मध्ये हिंदी महासागरातल्या कोकोस बेटांवर 99 स्क्वाड्रनमध्ये होतं. 1974 मध्ये भारताने ते ब्रिटनला भेट दिलं. आज ते रॉयल एअर फोर्स म्युझियमकडे आहे. पुण्यात ज्यांनी त्याची इंजिनं पुसली त्यांचे हात त्या विमानाला लागलेले आहेत, पण फलकावर सहसा युद्धाचीच वर्षं ठळक असतात.

या विमानांची ब्रिटिश हालचाल-कार्डं फारशी मदत करत नाहीत. परदेशी आघाडीवर गेलेल्या विमानाच्या कार्डावर पोचल्याची नोंद असते आणि मग एकदम दफ्तरातून कमी केल्याची. मधला काळ स्क्वाड्रनच्या नोंदवह्यांतूनच जुळवावा लागतो. तुमच्याकडचा फोटो स्वतःच एक दस्तऐवज आहे, म्हणून त्याचं नीट स्कॅनिंग करा, मागच्या बाजूसह. गोल चिन्ह बघा. प्रजासत्ताक झाल्यावर केशरी-पांढरं-हिरवं आलं. त्याआधी काही काळ अशोकचक्र होतं. आजोबांच्या बाहीवरच्या पट्ट्या मोजा. त्यांच्या सेवापुस्तकातल्या बढतीच्या तारखेशी त्या जुळवल्या की फोटो वर्षा-दोन वर्षांच्या आत बसतो. आणि त्यांच्या बरोबरीचे कोणी हयात असतील तर आधी त्यांच्याकडे जा. कागद उद्याही मिळतील.

प्रश्न : नोकरीनिमित्त आसामात आहे. अरुणाचलच्या डोंगरात एका गावकऱ्याने विमानाचा तुकडा दाखवला. त्यावर 32 ने सुरू होणारा लांबलचक नंबर होता. हाच विमानाचा नंबर का? (दुलियाजान)

नाही, तो सुट्या भागाचा नंबर आहे. कन्सॉलिडेटेड कंपनीत लिबरेटरचं मॉडेल 32, म्हणून भागांवर 32 येतं. पण सी-87 हे मालवाहू विमान याच लिबरेटरवरून बनवलेलं होतं, आणि हिमालयावरून चीनला रसद नेणाऱ्या मार्गावर तीही उडत. तेव्हा तो बाँबरच होता असंही अजून म्हणता येत नाही.

शोधायचं ते इंजिनावरचा किंवा मशीनगनवरचा नंबर. अमेरिकन विमान बेपत्ता झालं की एक अहवाल लिहिला जाई, त्यात इंजिनांचे आणि बंदुकांचेही नंबर असत. 25 जानेवारी 1944 ला चीनमधल्या कुनमिंगहून आसामातल्या चबुआला येताना बेपत्ता झालेलं ‘हॉट अ‍ॅज हेल’ हे बी-24 तुमच्याच बाजूला, दमरोहजवळ, 2006 मध्ये सापडलं. त्यात आठ जण होते, आणि पुढे अमेरिकन पथकाने तिथे येऊन मानवी अवशेषांचा शोध घेतला.

म्हणून तुकडा उचलून आणू नका. जागेवर शेजारी पट्टी ठेवून फोटो घ्या, मोबाइलवरचे अक्षांश-रेखांश लिहून ठेवा, आणि जिल्हा प्रशासनाला लेखी कळवा. गावकऱ्यांना विचारा, तिथे हाडं, बूट, गळ्यातल्या धातूच्या चकत्या कोणी पाहिल्या का. पाहिल्या असतील तर पत्रात ते पहिल्याच ओळीत लिहा.