वाचकांचे प्रश्न : बारकोडऐवजी कोडच छापला जातो

प्रश्न : दुकानातल्या झेब्रा लेबल प्रिंटरसाठी आमचं सॉफ्टवेअर झेडपीएल (झेब्रा प्रिंटरची आज्ञाभाषा) फाइल बनवून देतं. उबंटूवरून ती छापायला दिली की बारकोड येत नाही, फाइलमधला कोडच लेबलामागून लेबल छापला जातो. प्रिंटर बिघडलाय का?

उत्तर : प्रिंटर ठणठणीत आहे. घोळ त्याच्या आधी, म्हणजे उबंटूची छपाई सांभाळणाऱ्या कप्स या यंत्रणेत होतो. झेडपीएल साध्या अक्षरांत लिहिलेली असते. कप्स फाइलचे पहिले १०२४ बाइट चाचपतो, सगळी छापण्याजोगी अक्षरं दिसली की तिला मजकूर समजतो आणि फिल्टरकडे, म्हणजे छपाईसाठी फाइलचं रूपांतर करणाऱ्या प्रोग्रामकडे, सोपवतो. मग प्रिंटरला मिळतं ते त्या मजकुराचं चित्र.

म्हणून फिल्टर टाळा, फाइल ‘रॉ’ म्हणजे जशीच्या तशी पाठवा. टर्मिनलमध्ये ‘एलपी -डी लेबल -ओ रॉ माल.झेडपीएल’ हा आदेश द्या (इथे उच्चाराप्रमाणे छापलाय, टाइप अर्थातच रोमन लिपीत करायचा). ‘लेबल’च्या जागी तुमच्या रांगेचं (म्हणजे कप्समध्ये प्रिंटरची नोंद आहे तिचं) नाव, ते ‘एलपीस्टॅट -पी’ने कळेल. तरीही छपाई झाली नाही तर कप्सला वगळून पाहा. प्रिंटर नेटवर्कवर असेल तर नेटकॅट या नेटवर्कवरून डेटा पाठवणाऱ्या साधनाने फाइल थेट त्याच्या ९१०० पोर्टवर पाठवा. लेबल आलं तर दोष रांगेत. नाही आलं तर फाइलमध्ये किंवा जोडणीत.

कप्सच्या रांगा बनवणाऱ्या ‘एलपीअ‍ॅडमिन’ या आदेशाला ‘-एम रॉ’ देऊन अख्खी रांगच रॉ करता येते, पण आम्ही ते सुचवणार नाही. अशा रांगा पुढच्या एखाद्या आवृत्तीत बंद होतील, असा इशारा कप्स स्वतःच देतो. शिवाय त्याच रांगेवर कुणी चुकून पीडीएफ पाठवली, तर तीही तशीच प्रिंटरच्या अंगावर जाते.

रॉ पाठवलं की मापाची जबाबदारी फाइलची. २०३ डीपीआयच्या (इंचाला २०३ ठिपके) प्रिंटरवर १ मिलिमीटरला ८ ठिपके, म्हणजे ५० मिलिमीटर रुंदीला ४००. हीच फाइल ३०० डीपीआयच्या प्रिंटरला दिली की छपाई आक्रसून दोन-तृतीयांश होते. कागदाचा आकार सांगणारे एलपीचे पर्याय इथे कामाचे नाहीत. ‘-एन ३’ दिलंत तर तीच फाइल तीनदा जाते. ५०० लेबलं हवी असतील तर आकडा फाइलमध्येच, कॅरेट-पी-क्यू (कॅरेट म्हणजे ^ हे चिन्ह) या आज्ञेत लिहा.

मालाची नावं मराठीत हवी असतील तर प्रिंटरच्या मूळ फॉन्टवर विसंबू नका. जोडाक्षरं नीट यायला हवीत, तेव्हा नावाचं चित्र करून कॅरेट-जी-एफ या आज्ञेने घालणं बरं.

प्रश्न : डॉट मॅट्रिक्सवर टेक्स्ट फाइल रॉ पाठवली तर ओळी जिन्यासारख्या उजवीकडे सरकत जातात.

उत्तर : लिनक्सच्या फाइलमध्ये ओळीच्या शेवटी फक्त लाइन फीड असतो. त्याने कागद वर सरकतो, पण हेड डाव्या कडेला परतत नाही. त्यासाठी कॅरेज रिटर्न लागतो. फाइल आधी तो जोडणाऱ्या ‘युनिक्सटूडॉस’ या साधनातून काढा. प्रिंटरच्या सेटिंगमधलं ऑटो लाइन फीड मात्र बंदच ठेवा, नाहीतर प्रत्येक ओळीनंतर एक रिकामी ओळ सुटेल. आणि शेवटचं पान आतच अडकत असेल, तर फाइलच्या अखेरीस फॉर्म फीड (पान बाहेर काढण्याची खूण) जोडा.