मराठीत खरंच चांगल्या विज्ञानकथा आणि फँटसी आहेत का, की सगळं मुलांसाठीच?

इंग्रजीतलं भरपूर वाचून झालंय, आता मराठीत त्या तोडीचं काही आहे का, की नुसत्या मुलांच्या गोष्टी, असं तुम्ही विचारलंय. त्यातलं ते ‘मुलांच्या गोष्टी’ मी वर्षानुवर्षं ऐकत आलेय, तेही घरातच. म्हणून लिहितेय.

आहे. जयंत नारळीकरांच्या ‘यक्षांची देणगी’ या कथासंग्रहापासून सुरुवात करा आणि त्यांची ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ ही कथा काहीही झालं तरी चुकवू नका. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत एका अपघातानंतर अशा जगात पोचतात, जिथे पानिपत मराठ्यांनी जिंकलंय. विश्वासरावांना लागलेली गोळी तिथे नुसती चाटून जाते. फरक एवढाच.

ही कथा मी आजोबांना वाचून दाखवली होती. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, वाचायला बंदी, आणि बखरींवर वाढलेल्या माणसाला दुपार खायला उठायची. पानिपतावरचं ‘दोन मोत्यं गळाली’ हे वाक्य ते घरातलंच कुणी गेल्यासारखं म्हणायचे. मी गोळी चाटून जाते तिथवर आले, तर त्यांनी हात वर केला. “थांब. तेवढं परत वाच.” परत वाचलं. “मग दिल्लीच्या गादीवर कोण बसलं?” पुढे वाचलं. पेशवे दिल्लीची पातशाही नावापुरती ठेवतात, विज्ञानाची केंद्रं काढतात, कंपनी सरकार मुंबई, कलकत्ता, मद्रास एवढ्यावरच अडकतं. आजोबांना ते पटेना. भाऊसाहेबांनी बुणगे, म्हणजे फौजेबरोबरचा न लढणारा लवाजमा, वाटेतच सोडले असते तर गोळीपर्यंत वेळच आली नसती, असं त्यांचं म्हणणं. रात्री जेवतानाही तेच चालू. एक कण इकडे जाईल की तिकडे हे आधी सांगता येत नाही, या पुंजभौतिकीतल्या (क्वांटम फिजिक्समधल्या) गोष्टीवर कथेचा सगळा डोलारा आहे. आजोबांनी ती मला तीन-तीनदा समजावून सांगायला लावली. त्यांनी आयुष्यात भौतिकशास्त्राचं पुस्तक उघडलं नव्हतं.

काका मराठीचे शिक्षक. सगळं ऐकून म्हणाले, “हे साहित्य नव्हे. शास्त्राच्या धड्याला गोष्टीचा मुलामा. एवढा मोठा शास्त्रज्ञ, म्हणून लोक डोक्यावर घेतात.”

काका, 1974 साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत ‘कृष्णविवर’ पहिली आली, तेव्हा तिच्यावर नाव होतं नारायण विनायक जगताप. आद्याक्षरं उलटी करून नारळीकरांनी टोपणनावाने पाठवलेली कथा. परीक्षकांनी कुणाला डोक्यावर घेतलं? आणि 2021च्या नाशिकच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद त्यांना मिळालं, ते कशाबद्दल? काका अजून म्हणतात, तो मान शास्त्रज्ञाचा. आयुष्यभर पानिपतावर हळहळलेला माणूस एका कथेपायी रात्रीपर्यंत भांडत बसतो, तर ती कथा साहित्य नाही म्हणायला फार धाडस लागतं.

बाकीची नावं भराभर सांगते. लक्ष्मण लोंढ्यांची ‘दुसरा आईनस्टाईन’. अरुण साधूंची ‘विप्लवा’. सुबोध जावडेकर आणि बाळ फोंडके यांचं मिळेल ते वाचा. फँटसी हवी असेल तर नारायण धारपांची ‘गोग्रामचा चितार’, आणि ‘समर्थ’ या त्यांच्या नायकाच्या कथा. धारप म्हणजे फक्त भूत-पिशाच्च असं समजणाऱ्यांनी धारप वाचलेलेच नाहीत. जुन्या भाषेचा कंटाळा नसेल तर नाथमाधवांची ‘वीरधवल’.

हेही सांगायला हवं, की अख्खं वेगळं जग उभं करणाऱ्या जाडजूड मालिका शोधत असाल तर मराठीत निराशा होईल. आपल्याकडे बळ कथेत आहे. नारळीकरांची पात्रं कधीकधी शास्त्र समजावण्यापुरतीच तोंड उघडतात, तेवढ्यापुरतं काकांचं मला मान्य आहे. आणि धारपांची ‘लुचाई’ वाचताना तुम्हाला मूळ इंग्रजी कादंबरी लगेच ओळखू येईल. ती शेवटी ठेवा.

ग्रंथालयात ही पुस्तकं बऱ्याचदा बालविभागात लावलेली असतात, तिथेही शोधा. परत करताना ग्रंथपालांना स्पष्ट सांगा की ती मोठ्यांच्या कथासंग्रहांत लावा. मी दर वेळी सांगते.