हॉस्पिटल सोडू का? पाच आठवड्यांत ठरवू नकोस

पत्र: मी अमळनेरजवळच्या खेड्यातली. जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) झालं, जळगावच्या एका प्रायव्हेट हॉस्पिटलात लागून ५ आठवडे झाले. हळू काम करते म्हणून सिनियर सिस्टर सगळ्यांसमोर बोलतात. मागच्या आठवड्यात इन्सुलिन चुकीच्या सिरींजमध्ये भरलं, दुसऱ्या सिस्टरने पाहिलं म्हणून वाचले. तेव्हापासून हात थरथरतात. आई म्हणते सोडून दे, गावातल्या डॉक्टरांकडे लाग. काय करू?

ताई, आधी इन्सुलिनचंच बोलू, कारण तुझी झोप त्यानेच उडालीय. वायल, म्हणजे इन्सुलिनची बाटली, ४० ची (एका मिलीत ४० युनिट) आणि सिरींज केशरी टोपीची, असंच झालं ना? लाल टोपीची सिरींज ४० च्या वायलसाठी, केशरी १०० च्या. ४० च्या वायलमधून केशरी सिरींजमध्ये २० च्या रेघेपर्यंत ओढलं तर पेशंटला २० नाही, फक्त ८ युनिट जातात, आणि उलटं झालं, म्हणजे १०० चं इन्सुलिन लाल सिरींजमध्ये भरलं, तर २० च्या जागी ५० जातात आणि शुगर धाडकन खाली येते. म्हणून तुला अडवलं ते बरंच झालं. पण दोन्ही सिरींज एकाच ट्रेमध्ये पडलेल्या असतील तर ही चूक उद्या अजून कोणाकडूनही होईल, तेव्हा इनचार्ज मॅडमना सांग की दोन वेगळे डबे करू. आणि इन्सुलिन, हेपारिन (रक्त गोठू न देणारं औषध), पोटॅशियम ही तिन्ही दुसऱ्या सिस्टरला दाखवल्याशिवाय द्यायची नाहीत, कितीही घाई असली तरी. पोटॅशियम तर थेट शिरेत कधीच नाही, सलाईनमध्ये मिसळून हळूहळूच.

हळू काम होतं म्हणतेस, तर ५ आठवड्यांत हळूच होणार गं! मला भीती वाटते ती न विचारता पटपट करणाऱ्या मुलींची. ड्युटीच्या १५ मिनिटं आधी जा, खिशात छोटी वही ठेव, ओव्हर घेताना, म्हणजे आधीच्या सिस्टरकडून पेशंट ताब्यात घेताना, बेड नंबर, काय झालंय, कोणतं औषध किती वाजता, कोणता रिपोर्ट यायचाय एवढं लिहून घे आणि निघालेल्या सिस्टरला तिथेच वाचून दाखव. सलाईनचं गणितही पहिल्या पानावर लिही, ५०० मिली ८ तासांत आणि मिलीला २० थेंबांचा सेट असेल तर मिनिटाला साधारण २१ थेंब. रोज तेच तेच करून महिन्या दोन महिन्यांत तोंडपाठ होतं, मग स्पीड आपोआप येतो.

तुझ्याकडे एक गोष्ट आहे जी बाहेरून आलेल्या सिस्टरकडे नसते, तुला अहिराणी येते. कापसावर फवारणी करताना विष बाधलेला माणूस आला की घरचे घाबरून नीट सांगत नाहीत, तू जवळ जाऊन "काय व्हयनं माय?" विचारलंस की कोणतं औषध मारलं, कधी मारलं सगळं सांगतील, आणि रिकामी बाटली घरून आणायला लाव, डॉक्टरांना तीच लागते. सातपुड्याकडून आलेली पावरा आदिवासी बाई मात्र प्रत्येक गोष्टीला मान हलवते, समजलं असेलच असं नाही, म्हणून गोळी कधी घ्यायची ते तिच्याकडून परत वदवून घे.

सुई टोचली तर लपवायचं नाही. साबण-पाण्याने धुवायचं, दाबून रक्त काढायचं नाही आणि लगेच कॅज्युअल्टीला जायचं, कारण एचआयव्हीचं औषध लागलं तर पहिल्या २ तासांत सुरू झालेलं उत्तम, ७२ तासांनंतर उपयोग नाही. हिपॅटायटिस बी चे तिन्ही डोस झालेत का ते आजच बघ.

सिनियरचं म्हणशील तर कामाची चूक दाखवणारी आणि जातीवरून, आईबापावरून बोलणारी, या दोघी वेगळ्या. पहिलीला ओव्हर झाल्यावर बाजूला गाठून म्हण, सिस्टर, चुकलं तर बाजूला घेऊन सांगा ना, मला शिकायचंय. बऱ्याच जणी नरमतात. दुसरीचं तारीख-वेळ घालून लिहून ठेव आणि मेट्रनकडे, म्हणजे सगळ्या सिस्टरच्या प्रमुखाकडे, जा, हे सहन करायचं नाही अजिबात.

आता आईचं. माऊलीचा जीव तुटतो तुझ्यासाठी, मला कळतं, लेक रडून राहिली म्हटल्यावर कोणतीही आई हेच म्हणेल. पण एम्सच्या नर्सिंग ऑफिसरच्या परीक्षेला जीएनएमवाल्यांना किमान ५० बेडच्या हॉस्पिटलातला २ वर्षांचा अनुभव लागतो, गावातल्या दवाखान्यात काढलेली वर्षं तिथे धरत नाहीत. पुढे पोस्ट बेसिक बीएस्सी (जीएनएमनंतरची नर्सिंगची पदवी) करायचं तरी मोठ्या वॉर्डात शिकलेलं कामाला येतं. म्हणून मला विचारशील तर निदान ६ महिने तरी काढ. फक्त ओरिजिनल सर्टिफिकेटं हॉस्पिटलात देऊ नकोस, झेरॉक्सच दे, दिली असतील तर लेखी अर्ज करून परत माग, आणि बाँडवर, म्हणजे ठरावीक काळ नोकरी न सोडण्याच्या करारावर, सही केली असेल तर त्याचा फोटो मला पाठव. तुझं हॉस्पिटल किती बेडचं आहे तेही उद्या ऑफिसात विचारून कळव, त्यावर पुढचं बोलू.